चौकोनी डोक्याचं शीड

"या नदीचा इतिहास यापुढे दोन भागांत लिहावा लागेल," डॉक्टर एरिबेर्तो सागास्ती म्हणाले, "माझ्या नव्या शिडाच्या आधीचा आणि माझ्या नव्या शिडाच्या नंतरचा."

एवढं बोलून त्यांनी चिमट्याने चोरिसो सॉसेज उलटले, कारण ते एका अंगाने करपायला लागले होते.

डॉक्टर शेगडीपाशी उभे होते ते हौसेने नव्हे. आमच्या एल हुंकाल क्लबात वसंतातली मोठी शर्यत शनिवारी होते आणि बक्षीस समारंभ रविवारी दुपारी. शर्यतीत जो शेवटचा येईल त्याने रविवारी सगळ्या क्लबासाठी मांस भाजायचं, असा नियम आहे. नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नाही. पण माणसाचा मान कसा काढावा याचा विचार आमच्या पूर्वजांनी नाव कशी हाकावी यापेक्षा जास्त बारकाईने केलेला दिसतो. डॉक्टर इतकी वर्षं शेवटचे येत होते की त्यांच्या ॲप्रनसाठी क्लबाने भिंतीत एक खिळा ठोकून दिला होता. एल हुंकालने एखाद्या सभासदाचा केलेला तो सर्वांत मोठा सत्कार.

खरी पंचाईत वेगळीच होती. डॉक्टर भाजायचे फार सुंदर. दातांचे डॉक्टर असल्यामुळे असेल, पण घाई म्हणून नाही. निखारे हाताच्या पाठीने जोखायचे, बरगड्यांची हाडं खाली, मीठ जाडं आणि ते नेमकं केव्हा टाकायचं ते फक्त त्यांना कळे. ताटं रिकामी झाली की कुणीतरी ओरडायचं, "भाजणाऱ्यासाठी टाळ्या!" आणि सगळा क्लब उठून टाळ्या वाजवायचा. शर्यत जिंकणाऱ्याला मिळत त्याच्या दुप्पट. डॉक्टर त्या टाळ्या थोबाडीत खाल्ल्यासारख्या घ्यायचे.

"मी खलाशी आहे, आचारी नाही," ते दरवर्षी म्हणत. आम्ही दरवर्षी मान डोलावून ताट पुढे करत असू.

डॉक्टर आता अडुसष्ट वर्षांचे होते. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, त्यांना पाण्यावरच्या कर्तबगारीसाठी टाळ्या हव्या होत्या. एवढी साधी इच्छा. पण साध्या इच्छा असलेला माणूसच जास्त उपद्रवी ठरतो, असं मी पाहत आलो आहे.

त्यांची नाव म्हणजे 'इंदोमिता'. वीस फुटी कॅटॅमरान, प्लायवुडच्या दोन सडपातळ होड्या शेजारी शेजारी ठेवून मधे आडवे दांडे टाकलेले. आधीच्या मालकाच्या काळात तिने म्हणे बऱ्याच शर्यती मारल्या होत्या. आधीच्या मालकाने ती का विकली हे डॉक्टरांनी कधी विचारलं नाही. ॲल्युमिनियमची डोलकाठी पोक काढून उभी असायची. शीड तर इतकं धुऊन निघालं होतं की उशीच्या जुन्या अभ्र्यात आणि त्यात काही फरक राहिला नव्हता. वारा त्यात शिरे, घटकाभर टेके, आणि आल्या वाटेने निघून जाई.

डॉक्टरांचा जोडीदार म्हणजे त्यांचा मेहुणा, बाल्दोमेरो. डोलकाठीवरून आलेल्या तारेला नावेबाहेर लटकून नाव सपाट ठेवणं हे त्याचं काम. जोडीदारीचा मोबदला म्हणून रविवारच्या बरगड्यांतला पहिला तुकडा त्याचा असे. बहीण देऊन मेहुणा मिळवताना त्याने दुसरं काही मागितलं नव्हतं.

पुढचा हिवाळा लागला तसं नूतनीकरण सुरू झालं. नाव बदलण्याचा विचार डॉक्टरांच्या मनाला शिवला नाही. खलाशी बदलण्याचा तर कुणाच्याच मनाला शिवला नाही, निदान त्यांच्यासमोर. डॉक्टर दर आठवड्याला सान फेर्नान्दोच्या शिडवाल्यांकडे जाऊन येत आणि दर खेपेला त्यांच्या बोलण्यात एक नवा शब्द असे. आधी कार्बनची डोलकाठी आली. कुठल्यातरी श्रीमंत देशाच्या चमूने वापरून टाकलेली, काळी कुळकुळीत. गाडीच्या टपावर बांधून, मागच्या टोकाला लाल फडकं लावून त्यांनी ती क्लबात आणली, तीही चौकाला फेऱ्या मारून, म्हणजे चर्चमधून बाहेर पडणाऱ्यांनाही दिसावी.

"हात लावू नका," ते म्हणाले. "हाताचं तेल लागतं."

मागोमाग क्लबाचा कुत्रा आला. त्याला तेलाचं काही सांगता आलं नाही. त्याने आपला नेहमीचा सोपस्कार नव्या डोलकाठीच्या बुडाशी उरकला.

मग शीड आलं. धुरकट काचेसारखं, हलवलं की पत्र्यासारखं वाजणारं. जुन्या शिडाला वर टोक असायचं, याला टोक नव्हतं. डोकं कापून सपाट केल्यासारखं, वरची कड साधारण मोठ्या ताटाएवढी रुंद. पुढे एक लांब दांडा बसवला. त्यावर वाऱ्याबरोबर जाताना उघडायचं एक भलंमोठं फुगीर शीड, रंगाने हिरड्यांसारखं गुलाबी. वापरून झालं की ते एका नळकांड्यात ओढून घ्यायचं. आणि लटकायला आता एक नाही, दोन तारा. म्हणजे डॉक्टरांनीही लटकायचं.

"दाजी, तुम्ही?" बाल्दोमेरो म्हणाला. "तारेला विचारलंत का?"

"आधुनिक पद्धतीत दोघेही बाहेर असतात."

"मग आत कोण असतं?"

"कुणी नसतं, मूर्खा. तेच तर आधुनिक आहे."

काळ्या डोलकाठीचा ताण पडताच मधला जुना आडवा दांडा कुरकुरला, म्हणून दांडा बदलला. दांडा बदलल्यावर होड्या कुरकुरल्या. डॉक्टर म्हणाले, "हिरडी पक्की असली की नवा दात बसतोच." बाल्दोमेरो म्हणाला, "दाजी, हिरडी प्लायवुडची आहे." मग प्लायवुडलाही आतून राळेचे थर चढवले. शेवटी मूळ नावेतलं काय उरलं होतं ते सांगणं अवघड. नाव आणि मालक, एवढं नक्की.

क्लबाची या सगळ्यावरची प्रतिक्रिया आधी हसण्याची होती. आमचे अध्यक्ष फेर्मीन एचाग्वे ओसरीवर बसून येर्बाच्या कडू चहाची नळी चोखत ॲल्युमिनियमच्या आत्म्याबद्दल बोलत.

"परंपरा, सागास्ती," ते म्हणत, "परंपरा विकत मिळत नाही."

"तुमची नाव फायबरची आहे, एचाग्वे."

"माझं मन लाकडी आहे."

ते खरंच होतं. त्यावर कुणी वाद घातला नाही.

हसणं थांबलं ते वसंतातल्या पहिल्या चाचणीच्या दिवशी. आग्नेयेचा चांगला वारा होता, नदी तपकिरी आणि खडबडीत. इंदोमिता धक्क्यापासून सुटली आणि आम्ही तिच्याबद्दल काही विनोदी बोलायच्या आत ती तिथे नव्हती. ओसरीवर शांतता पसरली. कौतुकाची नव्हे. एल हुंकालमध्ये दुसऱ्याचं कौतुक हा प्रकार नाही. शांतता पसरली, कारण प्रत्येकजण मनातल्या मनात एकच हिशेब करत होता: सागास्ती पुढे गेला, तर शेवटचा कोण?

सगळ्यांच्या माना हळूहळू नोटरी ओलासाबाल यांच्याकडे वळल्या.

ओलासाबाल सज्जन माणूस. पण एका वर्षी डॉक्टरांना नागीण झाली होती, ते शर्यतीला नव्हते, आणि शेगडी ओलासाबाल यांच्याकडे गेली होती. ते जेवण जेवलेली माणसं अजून त्याबद्दल आवाज खाली आणून बोलतात. बाहेरून कोळसा, आत गाय अजून विचार करत असलेली. पुढल्या महिन्यात डॉक्टरांच्या दवाखान्यात क्लबातले इतके दात आले की नागिणीची नुकसानभरपाई होऊन वर उरली.

"मी माझ्या परीने प्रयत्न करीन," ओलासाबाल नम्रपणे म्हणाले.

"तीच भीती आहे," एचाग्वे म्हणाले.

त्याच संध्याकाळी अध्यक्षांनी मोजणी समिती बोलावली. आमच्या शर्यतीत निरनिराळ्या जातींच्या नावा एकत्र धावतात, म्हणून प्रत्येकीचं शीड मोजतात आणि त्या मानाने तिच्या वेळेत भर घालतात. शीड जितकं मोठं तितकी शिक्षा मोठी. समितीत तिघे: स्वतः एचाग्वे, ओलासाबाल, आणि फीत धरायला बाल्दोमेरो. समितीच्या नि:पक्षपातीपणाबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. तिघांनाही नीट जेवायचं होतं.

"क्लबाचं सूत्र त्रिकोणासाठी आहे," एचाग्वे शिडाभोवती फिरत म्हणाले. "उंची गुणिले पाया, भागिले दोन. पण हा त्रिकोण आहे का? बाल्दोमेरो, कोपरे मोज."

बाल्दोमेरोने मोजले. "चार."

"चार कोपरे म्हणजे?"

"चौकोन," ओलासाबाल म्हणाले. ते नोटरी असल्यामुळे त्यांनी म्हटलेलं खरं होतं.

"मग भागिले दोन कशासाठी?"

वरची कड ताटाएवढी आणि खालची खाटेएवढी, हे तिघांनाही दिसत होतं. बाल्दोमेरोने एकदा डोकं खाजवलं. मग त्याला पहिला तुकडा आठवला असावा. त्याने फीत गुंडाळली.

आता कुठलाही शहाणा माणूस या आकड्यावर तिथल्या तिथे भांडला असता. डॉक्टरांनी आकडा ऐकला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"एवढं मोठं?" ते म्हणाले.

"नदीवरचं सगळ्यात मोठं," एचाग्वे गंभीरपणे म्हणाले. "तसं लिहूनच देतो."

"या किनाऱ्यावरचं की पलीकडच्याही?"

"पलीकडच्याही, डॉक्टर. कोलोनियात असलं कुणाकडे असेल?"

डॉक्टरांनी खिशातलं चांगलं पेन काढून सही केली. त्या रात्री बायकोला, ओतिलियाबाईंना, त्यांनी आकडा तीनदा सांगितला म्हणे. तिने विचारलं, "मोठं असणं चांगलं असतं का?" डॉक्टर बाईमाणसाच्या अज्ञानावर हसले आणि दिवा मालवून झोपले.

शर्यतीच्या शनिवारी वारा पुन्हा आग्नेयेचा होता. निशाण पडलं आणि इंदोमिता निघाली. दोन तारांवर दोन माणसं, पाण्यावर आडवी. डॉक्टर लटकलेले लांबून पाहिले तर वाळत घातलेल्या गादीसारखे दिसत होते, पण न्याय म्हणून सांगतो, ते पडले नाहीत. जोराचा झोत आला की बाल्दोमेरो शीड खाली खेचायचा दोर ताणे. काळी डोलकाठी वरून वाके, चौकोनी डोकं मान तिरकी करून जादा वारा सोडून देई, आणि नाव कलंडण्याऐवजी पुढे झेपावे. जुन्या शिडाला हे कधी जमलं नव्हतं. जुनं शीड झोत आला की घाबरून सगळंच सोडायचं, अगदी मालकासारखं.

परतीच्या वाटेवर त्यांनी गुलाबी शीड उघडलं. त्यावेळी बाल्दोमेरो, जो आयुष्यात कशालाच चांगलं म्हणत नाही, तो ओरडला, "दाजी! काय पळतेय ही!"

"कोण म्हणालं होतं प्लायवुड?"

"मीच गाढव!"

तो क्षणभर खरोखर आनंदात होता. मग त्याला फीत आठवली.

इंदोमिताने शेवटची रेषा ओलांडली तेव्हा मागे दुसरी नाव दिसतही नव्हती. रेषेवर भोंगा वाजवायला बसवलेला सभासद एम्पानादा, म्हणजे मांसाची करंजी, खात होता. एवढ्या लवकर कुणी येईल अशी त्याला कल्पना नव्हती, म्हणून त्याने घास गिळून मगच भोंगा वाजवला. लव्हाळ्यातून फडफड झाली.

"ऐकलंस, बाल्दो?" डॉक्टर म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते, कदाचित पाण्याने. "टाळ्या."

"पाखरं आहेत, दाजी."

रविवारी डॉक्टर पांढरी विजार, निळा कोट आणि पितळी बटणं अशा थाटात आले. सोबत ओतिलियाबाई. भाषण पाठ होतं. फाटकातच त्यांना धुराचा वास आला आणि ते दयेने थांबले. शेगडीशी बाल्दोमेरो वाकून फुंकर मारत होता, शेजारी ओलासाबाल उभे होते.

"बिचारा ओलासाबाल," डॉक्टर बायकोला म्हणाले. "माझ्या मेहुण्याला मदतीला घेतलंय. बुडत्याने दगड धरावा तसं." मग पुढे जाऊन मोठ्या मनाने म्हणाले, "नोटरीसाहेब, वाईट वाटून घेऊ नका. मीही या अवस्थेतून गेलोय. एक सांगतो, ज्वाळेवर कधी मांस ठेवायचं नाही. निखाऱ्यांची वाट पाहायची."

"आभारी आहे, डॉक्टर," ओलासाबाल म्हणाले आणि बुटांकडे पाहू लागले.

"बाल्दो, तू असा पिवळा का पडलास?"

"धूर, दाजी."

"काल रात्रीही जेवला नाही," ओतिलियाबाई म्हणाल्या. "याने जेवण नाकारलं, म्हणजे कुणीतरी मरणार."

एचाग्वे निकाल वाचायला उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला, येर्बाचा घोट घेतला, पुन्हा घसा साफ केला. मग पहिलं नाव वाचलं. ते इंदोमिता नव्हतं. डॉक्टर हसले; निकाल खालून वर वाचताहेत असं त्यांना वाटलं. दुसरं नाव वाचलं, तिसरं वाचलं, ओलासाबाल यांचं आलं तेव्हा स्वतः ओलासाबाल दचकले. डॉक्टर कोटाची बटणं सारखी करत भाषणाचं पहिलं वाक्य ओठांतल्या ओठांत घोळवत होते.

"आणि इंदोमिता," एचाग्वे म्हणाले, "रेषेवर सर्वप्रथम. शिडाच्या आकारमानाची भर घालून, शेवटची."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"कसलं आकारमान?" डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही सही केलेलं. उंची गुणिले पाया."

"भागिले दोन!"

"भागिले दोन त्रिकोणाला, डॉक्टर. तुमच्याला चार कोपरे आहेत."

"वरची कड ताटाएवढी आहे!"

"कोपऱ्याला लांबी नसते," ओलासाबाल म्हणाले आणि स्वतःच्याच धैर्याने घाबरले.

"फीत कुणी धरली होती?"

सगळे शेगडीकडे पाहू लागले.

"मी, दाजी," बाल्दोमेरो म्हणाला.

"तू तारेवर माझ्या शेजारी लटकला होतास! तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तरी खेचत होतास?"

"नाव पळत होती ना, दाजी. नाव पळत असली की कसलं आठवतंय." त्याने चिमटा या हातातून त्या हातात घेतला. "आणि नाहीतर यांच्या हातचं खावं लागलं असतं. तुम्ही तर तेव्हा आजारी होतात, तुम्ही खाल्लेलं नाही ते."

तेव्हा डॉक्टरांनी भाषण केलं. पाठ केलेलं नव्हे, पण त्याहून बरं. एल हुंकाल हा क्लब नसून पोटांचं गोदाम आहे, असं ते म्हणाले. एचाग्वे यांनी तीस वर्षांत नदीपेक्षा माझ्या दवाखान्यातल्या बेसिनकडेच जास्त पाहिलं आहे. ओलासाबाल यांच्या नावेला सुकाणू आहे हे ओलासाबाल यांना कुणी तरी कळवावं. आपल्या मेहुण्याला त्यांनी माफ केलं, कारण ज्याचा आत्मा जठरात असतो त्याच्यावर रागावणं म्हणजे भांड्यावर रागावणं. इंदोमिता पहिली आली, हे नदीने पाहिलं आहे. नदीची समिती नसते. आपण या क्षणी राजीनामा देत आहोत, नाव कोलोनियाला नेत आहोत, तिथली माणसं निदान त्रिकोण ओळखतात. या क्लबाचं अन्न, पाणी, ओसरी, धक्का, कुत्रा, सगळं आज संपलं. इथून पुढे एल हुंकालमधल्या एकाही माणसाला एरिबेर्तो सागास्ती ओळखत नाही, आणि दात दुखले तरी ओळखणार नाही.

शेवटच्या वाक्याने काहीजण हलले. बाकी भाषण आम्ही खाली मान घालून ऐकलं. खरं तर आम्हाला ते आवडलं. त्यातलं दुसऱ्यांबद्दलचं सगळं बरोबर होतं.

"चल, ओतिलिया," डॉक्टर म्हणाले.

ते निघाले. ताठ, पितळी बटणं चमकवत. ओतिलियाबाई पर्स घेऊन मागे. फाटकाची वाट शेगडीवरून जाते. क्लब बांधणाऱ्यांनी हाही विचार केला असावा. डॉक्टर शेगडीसमोरून पुढे गेले. दोन पावलं गेले. थांबले.

बाल्दोमेरोने बरगड्या मांसाची बाजू खाली करून थेट ज्वाळेवर ठेवल्या होत्या. चरबी पेटत होती. कडेला आतडी ढिगाने एकावर एक टाकली होती, मोळी बांधायची असल्यासारखी.

डॉक्टर परत आले. कुणाकडेही न पाहता त्यांनी निळा कोट काढून ओतिलियाबाईंच्या हातात दिला. बाल्दोमेरोच्या हातातून चिमटा हिसकावला आणि बरगड्या एकेक करून उलटल्या, हाडं खाली. जळती लाकडं मागे ढकलली. निखारे समोर ओढून, पसरून, हाताची पाठ वर धरून थोडा वेळ उभे राहिले. आम्हा सगळ्यांबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर जी घृणा होती, तशी मी पुन्हा कधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही.

"बाल्दो," ते म्हणाले, "मीठ आण. जाडं."